माघ पुनवेचं हसू

मु. गोंधणवाडी, सुलतानपूरजवळ
ता. ४ एप्रिल १९६५

रा. रा. माणिकराव यांना भगवंतरावाचा रामराम.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. लिहिताना मलाही वाटतं आहे. सारा जन्म एका गावात गेला, एकमेकांना कागद लिहायची वेळ कधी आली नाही. तुमचा पत्ता तुमच्या बहिणीकडून घेतला. तानुबाईंनी तो लगेच दिला नाही. म्हणाल्या, "त्याले काय कमी पडलं म्हणून लिहिता?" मी म्हटलं, सहज. मग त्यांनी नातीला हाक मारून तिच्याकडून पाटीवर लिहवून दिला. मी पाटी घरी आणली, कागदावर उतरवला आणि पाटी परत दिली. अक्षर चुकलं असेल तर पत्र भलत्याच्या हाती पडेल, ही एक काळजी आहे.

तुम्ही खामगावात जावयाकडे आहात आणि जिनात काम लागलं आहे, एवढंच कळलं. रुईच्या धुळीनं छाती भरते म्हणतात. नाकाला फडकं बांधत जा. तुमच्या जनकाबाईंची तब्येत कशी आहे?

इकडे सगळं ठीक आहे. मंडळाचं काम चालू आहे. तुम्ही गेल्यानं काही अडलं आहे असं नाही. फक्त तुमच्या आळीतलं कोणी आता शनिवारच्या श्रमदानाला येत नाही. बरडावरच्या गवताला पहारा द्यायला माणूस कमी पडतो. निवृत्ती पोरगा तरणा, पण एकटा किती फिरेल? परवा कोणीतरी शेळ्या घातल्या.

आपण दोघं मेहकरच्या शिबिरातून आलो आणि हे मंडळ काढलं, तेव्हा गावानं आपल्याला शेणमंडळ म्हणून नाव ठेवलं होतं, ते आठवतं ना? घरोघरी खताचा खड्डा. शेण जाळायचं नाही. बरडावरचं झाड तोडायचं नाही, गवत कापून वाटून घ्यायचं. गावातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही. आमच्या सुभद्राबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "शेण जायू नोका म्हणता, मंग भाकरी काय तुमच्या भाषणावर भाजू?" तुम्हीच हसून म्हणाला होतात, पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, बाई. आणि मंडळात सगळ्यांना राव आणि बाई म्हणायचं, सगळ्यांनी एका घोंगडीवर बसायचं, हा नियम तुम्ही सुचवला आणि मी उचलून धरला. हे मी विसरलेलो नाही.

माघातल्या पुनवेच्या सभेत जे बोलणं झालं, ते तुम्ही इतकं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. मनात काही नव्हतं. सभा म्हटली की दहा गोष्टी निघतात, थोडी थट्टाही होते. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. परत यावं.

भगवंतराव

ता.क. येणं झालंच तर २३ तारखेच्या आत या. विशेष काही नाही.

ता. २६ एप्रिल १९६५

माणिकराव यांना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टमन सुलतानपूरहून येतो, त्याला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बुढेबावा, आलं तर मी काय गिळून राह्यलो?" त्यामुळे आता विचारत नाही, लांबूनच पाहतो.

मागच्या पत्रात विशेष काही नाही असं लिहिलं होतं. तसं नव्हतं. २३ तारखेला मेहकरहून साहेब येणार होते. तालुक्यात आदर्श गावाचं बक्षीस ठरलं आहे आणि आपलं गाव त्यात आहे. त्यांच्या कागदात असं होतं, की गावातल्या सर्व जातीजमातींनी मिळून काम केलं पाहिजे. तुम्ही असता तर बरं दिसलं असतं. म्हणून लिहिलं होतं. ते वाचून तुम्हाला तसं वाटलंच असेल. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

साहेब आले. जीप नाल्यापाशी ठेवून पायी आले. त्यांना उत्तम खड्डा पाहायचा होता. तुम्हाला माहीत आहे, गावात उत्तम खड्डा एकच, तुमच्या घरामागचा. थर बरोबर, ओल बरोबर, वरून मातीचं लिंपण. माझ्या खड्ड्यात सुभद्राबाई राख जास्त टाकतात, मी कितीही सांगितलं तरी. अर्जुनरावाच्या खड्ड्यात तर कडब्याच्या पेंढ्या उभ्याच्या उभ्या आहेत. पाटीलकीचं काम, कोण बोलणार? तेव्हा आदल्या दिवशी आम्ही तुमच्या कुलूपबंद घराचं अंगण सारवून घेतलं, दाराला आंब्याची पानं बांधली. आणि साहेबांसमोर तुमच्या खड्ड्याचं लिंपण फोडलं.

तुम्हाला न विचारता.

साहेबांनी मूठभर खत उचललं, वास घेतला, मुठीत दाबून पाहिलं. म्हणाले, फारच छान. हे घर कोणाचं? मी सांगितलं, माणिकरावांचं, आमचे मंडळाचे चिटणीस. ते कुठे आहेत? मी म्हटलं, लग्नाला गेले आहेत.

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. पण तानुबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्या तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "कोनाच्या लग्नाले, भाऊ? माह्या भावाच्या सोयऱ्यात लगन, अन् मलेच आवतन नाही?"

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई गमत्या आहे. मीही हसलो.

जेवण अर्जुनरावाकडे झालं. उन्हात खड्डा उघडा राहिला. सगळे गेल्यावर सुभद्राबाईंनी एकट्यांनी माती कालवून लिंपला. मी सांगितलं नव्हतं. मला पाहून म्हणाल्या, "लोकाच्या घरात शिरून चुलीवरचं गंज उघडून पाहावं, तसं केलं तुम्ही."

सभेतल्या गोष्टीबद्दल लिहायचं राहिलं. मेलेलं जनावर नाल्यात फेकायचं आणि कुत्र्या-गिधाडांनी ओढायचं, त्यापेक्षा चुना आणि पाला टाकून मोठ्या खड्ड्यात पुरलं तर वर्षभरानं सोन्यासारखं खत होतं, हे शिबिरातच सांगितलं होतं. ते करायचं असं सभेत सर्वांनी ठरवलं. मग प्रश्न आला, की खड्ड्यापर्यंत ओढून कोण नेणार. सगळे खाली पाहू लागले. मी अध्यक्ष. काम वाटून देणं माझ्याकडे. ते मी तुमच्या आळीकडे दिलं. कोणाला तरी द्यायचंच होतं. यात माझं चुकलं असेल तर तसं कळवावं.

भगवंतराव

ता. २० मे १९६५

माणिकराव,

वर नावापुढे काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून जागा कोरी सोडली आहे. रागावू नये.

बाशिंग्या गेला. माझ्या जोडीतला उजवीकडचा. तुम्ही त्याला ओळखता, वखराला असताना तुमच्या बांधापाशी आला की हमखास थांबायचा, कारण तुम्ही एकदा त्याला ज्वारीची कोवळी ताटं चारली होती. तीन दिवस चारा नाही, पोट फुगलेलं. सुलतानपूरच्या जनावराच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी नळीतून औषध पाजलं, पण सकाळी तो गोठ्यातच पडला होता, मान जोडीदार कबऱ्याच्या पायाशी.

आता मंडळाचा ठराव होता. अध्यक्षाच्याच घरचं जनावर. मी निवृत्तीला पाठवलं, सगळ्यांना बोलाव म्हटलं. अर्जुनरावाच्या कमरेत लचक भरली होती. दुसऱ्याला पंचायतीत जायचं होतं. तिसऱ्याच्या घरी सोयरे आले होते. एक जण मात्र खरं बोलला. म्हणाला, "भगवंतभाऊ, शेण काढा म्हना, नाली उपसा म्हना, उपसतो. पन हे मले नाही होत. मायी बायको पाणवठ्यावर जाते, तिले बाकीच्या बायका शिवू नाही देणार." त्याचा मला राग आला नाही. माघात मी जेव्हा काम वाटून दिलं, तेव्हा मलाही मनात हेच वाटत होतं.

दुपार झाली. मे महिन्याचं ऊन. माश्या. मग मी जे केलं ते तुमच्यापासून लपवणार होतो, पण तानुबाई तुम्हाला सांगतीलच. मी तुमच्या आळीत गेलो. तानुबाईंच्या दारापुढे उभा राहिलो आणि टोपी हातात घेतली. म्हटलं, तानुबाई, बाशिंग्या गेला.

त्या म्हणाल्या, "आयकलं. गुणाचा बैल होता."

मी तिथेच उभा. मी कशाला आलो ते त्यांना कळलं. मग म्हणाल्या, "भाऊ, पोळ्याले तुम्ही त्याच्या पाया पडत होते. खांदे लोण्यानं शेकत होते. बापच म्हणत होते त्याले. मंग बापाले खांदा द्याले लोकाचे पोरं बोलावते काय कोनी?"

मी परत आलो.

कबऱ्याला जुंपलं आणि दोर बाशिंग्याच्या पायांना बांधला. कबऱ्यानं मागे वळून हुंगलं आणि उभा राहिला. हलेना. मी ओरडलो, हलेना. मग मी त्याला तुतारीच्या काठीचा खिळा टोचला, माणिकराव. आयुष्यात माझ्या बैलाला रक्त येईपर्यंत कधी टोचलं नव्हतं. सुभद्राबाईंनी माझ्या हातातून तुतारी ओढून घेतली. त्यांनी आपलं जुनं लुगडं फाडलं आणि घाण्याच्या बैलाचे बांधतात तसे कबऱ्याचे डोळे बांधले. त्याच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मग तो चालला. आपण काय ओढतो आहोत ते त्याला दिसत नव्हतं म्हणून तो चालला.

मागून मी, सुभद्राबाई आणि निवृत्ती. चढावर लोटावं लागत होतं. गल्लीतली दारं एकामागून एक लागत गेली. आमच्याच आळीतली, ज्यांच्या घरच्या लग्नात मी पंगती वाढल्या. एक म्हातारी आतून म्हणाली, "पोट्टेहो, आत या, पाहू नोका." वास माझ्या धोतराला, हाताला, तोंडात. नाल्यापाशी मला ओकारी आली. निवृत्ती म्हणाला, "काका, तुम्ही बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो.

खड्ड्यात टाकून चुना पसरताना मला तुमचे वडील आठवले. आमच्या वाड्यातली गाय गेली होती तेव्हा ते आले होते. मी लहान होतो. माझ्या आईनं त्यांना दुरून भाकर टाकली होती. ते दृश्य मला कधीच वाईट वाटलं नव्हतं, हेच मला आता वाईट वाटतं.

सभेत तुम्ही मला म्हणाला होतात, "भगवंतराव, ती रीत आम्ही छप्पन साली सोडली." तेवढंच म्हणाला होतात. त्यावर मी जे बोललो ते आज लिहायला हात होत नाही.

भगवंतराव

ता. ६ जून १९६५

माणिकराव,

अजून तुमचं उत्तर नाही. मला रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. सुभद्राबाई म्हणतात, गॅस आहे, ओवा खा.

गावाला बक्षीस मिळालं. दुसरं आलं. निवृत्तीनं बैलाची गोष्ट ग्रामसेवकाला सांगितली, ग्रामसेवकानं साहेबांना. परवा मेहकरला कार्यक्रम होता. मला वर बोलावलं. ध्वनिक्षेपकावर सांगितलं, की या वृद्ध कार्यकर्त्यानं स्वतःच्या हातानं मृत जनावर ओढून नेऊन साऱ्या तालुक्याला धडा घालून दिला. टाळ्या वाजल्या. शाल दिली, नारळ दिला. हार इतका जड होता की मान दुखली.

मला आवडलं, माणिकराव. खोटं लिहीत नाही. येताना एस.टी.त मी शाल अंगावरून काढली नाही. एवढ्या उन्हाळ्यात. शेजारच्या माणसानं विचारलं, कुठे सत्कार झाला? मी त्याला सगळं सांगितलं. चढ कसा होता, दारं कशी लागली, ओकारी आली ते मात्र गाळलं.

फाट्यावर उतरलो तर तानुबाई सुलतानपूरच्या बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन येत होत्या. त्यांनी शालीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला.

"चांगली आहे," म्हणाल्या. "लोकरीची आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"आमच्या बापानं जिंदगीभर ओढले. तुमचे, पाटलाचे, देवळाचे. सुगीत पायलीभर जवारी भेटे, तीबी हात पसरून मांगा लागे. तुम्ही एक ओढला तर शाल." आणि हसून म्हणाल्या, "तब्येतीनं राहा, भाऊ. गावात बुढे बैल लई आहे. तुमच्या घरात शालीच शाली होतीन."

फाट्यापासून गावापर्यंत आम्ही दोघं एकाच रस्त्यानं चालत आलो. त्या पुढे, मी मागे. शाल मी काढून काखेत धरली होती, पण आता काढून काय उपयोग होता? ती सुभद्राबाईंनी ट्रंकेत टाकली आहे. मी सांगितलं, कोणाला दाखवू नका. त्या म्हणाल्या, "दाखवाले गेले होते तुम्हीच."

माझं चुकलं, असं मी या पत्रात स्पष्ट लिहितो. दुसऱ्या पत्रात 'असेल तर' असं लिहिलं होतं, ते खोडावं. तुमची माफी मागतो. आता तरी उत्तर द्यावं.

भगवंतराव

ता. ११ जून १९६५

माणिकराव,

तुमचं कार्ड काल पाहिलं. मला आलेलं नव्हे, तानुबाईंना आलेलं.

त्या स्वतः घेऊन आल्या. ओसरीच्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, वर घोंगडीवर बसा. "इथंच बरी आहो," म्हणाल्या. "वाचून द्या. मले काय अक्षर येते?" मला आनंद झाला. मनात म्हटलं, तुमचं काही कळेल, आणि त्यांनी विश्वासानं माझ्याकडे आणलं. चष्मा लावला. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, ठसठशीत, रेघ सुटत नाही.

वाचत गेलो. जनकाबाईंचा खोकला कमी आहे. इथल्या भाकरीला चव नाही. पाऊस लागायच्या आत घरावरचे कवेलू फेरून घे. तिथपर्यंत मोठ्यानं वाचलं. पुढची ओळ डोळ्यांनी आधी पाहिली. तुम्ही लिहिलं होतं: "भगवंतरावांची पत्रे येतात, वाचतो. त्यांना सांग, बैल ओढल्याचे मला लिहू नये. शब्द टाकला भर सभेत, आणि उचलून घेतात टपालातून."

ती मी वाचली नाही. त्याखालची वाचली, नातीला शाळेतून काढू नकोस, ती. आणि कार्ड घडी नसलेलं असूनही घडी घातल्यासारखं करून त्यांच्या हातात दिलं.

त्या म्हणाल्या, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.

"मधात थांबले होते जरासे."

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला आहे.

त्या कार्ड कनवटीला लावून गेल्या. तुमच्या बहिणीला अक्षर येत नाही, म्हणून तिच्या भावाचं बोलणं मी तिच्यापासून ठेवून घेतलं. खड्डा फोडला तेव्हा निदान दिवसाउजेडी सगळ्यांसमोर फोडला होता.

आज सकाळी मी तानुबाईंकडे गेलो. म्हटलं, ते कार्ड द्या, एक ओळ वाचायची राहिली. त्यांनी कार्ड दिलं. मी दारात उभा राहूनच वाचली. आत त्यांची नात भांडी घासत होती, ती थांबली.

तानुबाई म्हणाल्या, "मले परवाच मालूम होतं. या पोरीनं वाचून दाखवलं. ते पाचवीत आहे, कार्ड तिले येत नाही काय?"

मी विचारलं, मग काल माझ्याकडे काऊन आणलं?

"तुमच्या तोंडून आयकायचं होतं," म्हणाल्या. "तुम्ही कुठं थांबता ते पाहायचं होतं."

मी खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं. प्यालो. मग त्या जरा नरमाईनं म्हणाल्या, "भाऊ, कागद लिहिनं सोपं आहे. कागद हसत नाही."

तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी बैल ओढू शकलो कारण दारं लागलेली होती. सभेत दारं नसतात. पुनव सोमवारी आहे. मला भीती वाटते. अर्जुनराव काय म्हणेल, लोक मला म्हातारचळ लागला म्हणतील, मंडळ मोडेल, बक्षीस परत जाईल, हे सगळं मनात येतं. उभं राहून बोलायचं म्हटलं की मी शब्द विसरतो. पण जे शब्द बोलायचे आहेत ते नवे नाहीत, पाठच आहेत.

भगवंतराव

ता. १५ जून १९६५

माणिकराव, जयभीम.

काल वटपुनव. सभा नेहमीप्रमाणे वडाखाली झाली. सकाळी बायकांनी गुंडाळलेला दोरा खोडाला ताजा होता, मी टेकलो तेव्हा त्याचा एक पदर माझ्या बंडीला लागला. तो सोडवत बसलो, तेवढाच वेळ गेला. अर्जुनरावानं विषय काढला, बक्षिसाचा फलक कुठे लावायचा. मी म्हटलं, त्याआधी मला बोलायचं आहे.

तानुबाई आल्या होत्या. तुमच्या आळीतली आणखी माणसंही होती. घोंगडीवर नाही, बाजूला, देवळाच्या ओट्यापाशी उभी. निवृत्तीनं त्यांना सांगितलं असावं. मी सांगितलं नव्हतं, मला तेवढा धीर नव्हता.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुम्ही तिथे नव्हता. म्हटलं, माघ पुनवेला याच जागी मेलेलं जनावर ओढायचं काम मी माणिकरावांच्या आळीला दिलं. मी म्हणालो होतो, तुमच्या हाताले सवय आहे. माणिकराव म्हणाले, ती रीत आम्ही छप्पन साली सोडली. त्यावर मी म्हणालो होतो, "सोडली म्हनजे इसरले थोडी, माणक्या!" आणि मी हसलो होतो.

माणिकराव, इथे काल पुन्हा कोणीतरी हसलं. मागून. दोघं-तिघं. चांगली थट्टा पुन्हा ऐकली की हसू येतंच. हसणारा कोण ते लिहीत नाही. माघात पहिला हसणारा मी होतो, आणि मी हसलो म्हणून बाकीचे हसले होते.

मी थांबलो. मला वाटलं, आता बसावं. मग ओट्याकडे पाहिलं. तानुबाई हलल्या नव्हत्या. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तुमच्या नावासकट, जसं तेव्हा म्हटलं होतं. दुसऱ्या वेळेला कोणी हसलं नाही. मग म्हटलं, हे बोलणं मी परत घेतो. राव म्हणायचा नियम केला मी, आणि मोडला मी. जनावर ज्याच्या दावणीचं, त्यानंच ओढायचं, आणि हाताला हात लावायला पहिलं नाव माझं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. एक जण म्हणाला, "सोडा ना भाऊ, झालं गेलं. बुढापनी काऊन डोकं पिकवून राह्यले?" अर्जुनराव म्हणाला, "हेच करायचं असंन तर अध्यक्ष दुसरा पाहा," आणि धोतर झटकून उठला. त्याच्यामागे बरेच उठले. घोंगडी निम्मी रिकामी झाली. निवृत्तीनं आपलं नाव लिहा म्हटलं. ज्यानं मला बायकोच्या पाणवठ्याचं सांगितलं होतं, तो उठला नाही, शेवटी म्हणाला, "चुना टाकाले येईन. ओढाचं मंग पाहू." मी म्हटलं, चालेल.

तुमच्या आळीतली माणसं घोंगडीवर येऊन बसली नाहीत. ओट्यापाशी उभी होती तशीच घरी गेली. मीही बोलावलं नाही. बोलावण्याचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

अध्यक्षपद सोडलं. फलक अजून पंचायतीत भिंतीला टेकून आहे.

तुम्ही परत या, असं आता लिहीत नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते साहेबांसाठी होतं. आणि मी रागावलेलो नाही असंही लिहिलं होतं. ते आठवलं की कान गरम होतात.

तुमचा खड्डा आम्ही फोडला, त्याला नंतर वरून भेग पडली होती. ती मी बुजवली नाही, हात लावला नाही, फक्त तानुबाईंना दाखवली. खत तयार आहे. ते तुमच्या वावरात टाकायचं, विकायचं की तसंच ठेवायचं, आणि कोणी उचलायचं, ते तुम्ही त्यांना कळवा. मला कळवायची गरज नाही.

तानुबाई म्हणतात, पुढचं कार्ड आलं की ते नातीला न देता आधी माझ्याकडेच आणणार. मी हो म्हटलं आहे. तेव्हा माझ्याबद्दल जे काही लिहायचं असेल ते त्यात मोकळेपणी लिहा. मी मधे थांबेन कदाचित, पण गाळणार नाही.

भगवंतराव